पाठीवरची चरबी

नॉर्डन, आयोवा
३० मे १९७६

ती. व्हर्नाताईस,
सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं पोचली. उत्तर दिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. मक्याची पेरणी झाली. शेजारचा एल्डन आणि चर्चमधली मंडळी आपापले ट्रॅक्टर घेऊन आली आणि एका दिवसात सगळं रान पेरून गेली. मी कुंपणापाशी उभा होतो. आयलीनने सगळ्यांना जेवायला वाढलं. मी आभार मानले असावेत, आता आठवत नाही.

तू विचारलंस रडू येतं का. नाही येत. भूक लागते, झोप लागते, पाऊस कधी येईल तेही डोक्यात येतं. पोर गेलं, कर्टिस गेला, हे मला ठाऊक आहे, पण ते दुसऱ्या कुणाच्या घरी घडल्यासारखं ठाऊक आहे. काल तो जिथे गेला त्या रेल्वेच्या फाटकावरून जाणं झालं. धान्याची मालगाडी चालली होती म्हणून थांबलो. डबे संपले, पुढे निघालो. एवढंच.

डुकरं ठीक आहेत. कर्टिसने नर दाखवलेल्या माद्यांच्या पाठीवर त्याचे हिरव्या खडूचे पट्टे अजून दिसतात, त्यामुळे पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत कुठली विणार ते कळतं. विकायच्या जनावरावर तो लाल ओढायचा. लाल एकावरही नाही. तेव्हा कळप आहे तसाच ठेवणार आहे. डीकन हा त्याचा आवडता नर, त्याच्या लेकी तो परत डीकनलाच दाखवत होता, तेही तसंच चालू ठेवीन. त्याच्या हातचं एवढंच माझ्याकडे उरलं आहे.

गेल्या आठवड्यात बाजाराला नेताना ट्रकमध्ये तीन मेली. ऊन होतं. एल्डन म्हणाला की मी ट्रक जोरात हाकला असेल. असेल.

त्याची स्टीलची पट्टी माझ्या सदऱ्याच्या खिशात असते. आता सगळे यंत्र लावून चरबी मोजतात, पण त्याला जुनी रीत आवडायची. पाठीवर बारीक चीर द्यायची आणि पट्टी आत सारायची. त्याने मला सांगितलं होतं की कातडीला दुखतं, पण चरबीला काही कळत नाही. पट्टी मांसाला टेकली की जनावर दचकतं, तिथे थांबायचं आणि आकडा वाचायचा. त्याच्या डुकरांत ती जेमतेम आत जायची.

आयलीन बरी आहे. लोभ असू दे.

तुझा धाकटा,
वेंडल

एम्स
८ जून १९७६

चि. वेंडल यास,
अ. उ. आ.

लिहिण्यासारखं काही नाही म्हणून तू जे लिहिलंस, ते तुझ्या हयातीतलं सगळ्यात लांब पत्र आहे. लग्न ठरल्याचं कळवलंस तेव्हा कार्डावर तीन ओळी होत्या, त्यातली एक हवामानाची. तेव्हा असंच काही नसलेलं लिहीत जा.

मला मात्र रडू येतं आणि ते नको तिथे येतं. परवा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नळाखाली बाटल्या विसळताना आलं. ईस्टरला माझ्यासमोर बसून पोराने आयलीनच्या हातच्या ॲपल-पायचे तीन तुकडे चापले, बोटं चाटली, आणि वर आईला चिडवलं की तुझी ती लाडकी डुकरीण ग्रेटा म्हणजे चार पायांवर चालणारा चरबीचा डबा आहे. मग मलाच विचारलं की ग्रेटाचं वय काय असेल. मी म्हटलं, बाईमाणसाचं वय विचारू नये. तो हसला. ते त्याचं माझ्याशी शेवटचं हसणं.

आता कामाचं. ती तीन डुकरं मेली, ती उन्हाने मेली असं मला वाटत नाही. मरण्याआधी शेपटी थरथरली का? अंगावर लाल-जांभळे चट्टे उठले का? मेल्याबरोबर पाय लाकडासारखे ताठ झाले का? तसं असेल तर तुझ्या हाकण्याचा काही दोष नाही. हे रक्तातलं आहे.

आपण या धंद्यातले सगळे वीस-पंचवीस वर्षं एकाच गोष्टीकडे बघत आलो, पट्टी किती आत जाते. गिऱ्हाइकाला चरबी नको झाली, म्हणून ज्याच्या पाठीवर ती सगळ्यात कमी आणि मांड्या सगळ्यात भरल्या, त्याला नर म्हणून ठेवायचं. त्या निवडीबरोबर एक खोट चोरपावलांनी आत आली. पिल्लाला प्रत्येक गोष्टीचा एक वाटा आईकडून मिळतो, एक बापाकडून. या खोटीचा एकच वाटा आला तर जनावर धडधाकट राहतं, उलट अंगाने जास्तच सडपातळ होतं, म्हणून जत्रेत बक्षीस त्यालाच मिळतं. दोन्ही वाटे आले, की मग जरा भीती, जरा ऊन, जरा हाणामारी, आणि सगळं अंग आवळून येतं, आतून तापतं, काही मिनिटांत खेळ संपतो. बापाला लेकी दाखवत गेलं की दोन्ही वाटे एकत्र यायला वेळ लागत नाही.

ओळखायचा एक उपाय हॉलंडहून आला आहे. पिल्लाच्या तोंडावर मुखवटा धरून भुलीचा वायू द्यायचा. निरोगी पिल्लू सैल पडून झोपतं, दोन्ही वाटे असलेलं ताठ होतं. ताठ झालं की लगेच मुखवटा काढायचा. एखादं तेवढ्यातही जातं, हे लपवत नाही. मी यंत्र घेऊन एका शनिवारी येऊ शकते. मला फक्त हो म्हण.

आयलीनला सांग की तिच्या हातच्या ॲपल-पायसाठी मी म्हातारी अजून मरायची थांबले आहे. माझी माया तुम्हा दोघांवर आहे, ती तू मोजत बसू नकोस.

तुझी ताई,
व्हर्ना

नॉर्डन
२० जून १९७६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. शेपटी थरथरली होती. चट्टेही होते. तरी यंत्र आणू नकोस.

तू खोट म्हणतेस ती त्याने चार वर्षं खपून निवडलेली जनावरं आहेत. त्यांच्या तोंडावर मुखवटा धरून मी बघत बसणार नाही. जी जगतील ती जगतील.

जत्रेच्या समितीने कर्टिसच्या नावाचा कप ठेवायचं ठरवलं आहे. सगळ्यात कमी चरबीच्या डुकराला मिळेल. पहिल्या वर्षी डीकनची दोन पिल्लं रिंगणात आण म्हणाले. आणतो म्हटलं.

डीकन हे नाव बदला म्हणून चर्चमधले खरे डीकन, ज्यांचा तो हुद्दाच आहे ते, पुन्हा येऊन गेले. मी म्हटलं की ते कर्टिसने ठेवलं आहे. मग ते टोपी घालून गेले.

पाऊस बेताचा. लोभ राहू दे.

वेंडल

नॉर्डन
२५ जुलै १९७६

ती. वन्संस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या भावाला न सांगता लिहिते आहे. त्यांना सांगितलं असतं तरी ते बरं म्हणाले असते. हल्ली सगळ्याला बरंच म्हणतात.

काल जत्रा झाली. टेबलावर पांढरं कापड, त्यावर कप, कपावर माझ्या पोराचं नाव. ऊन मरणाचं. ह्यांनी डीकनची दोन्ही पिल्लं रिंगणात सोडली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पलीकडून कुणाचं तरी डुक्कर येऊन एकाला धडकलं. तेवढं पुरलं. त्याची शेपटी थरथरायला लागली, अंगावर चट्टे आले, तोंड उघडं पडलं, आणि ते आडवं झालं. त्याच्यावर ओली पोती टाकेपर्यंत दुसरंही गेलं. परीक्षक बिचारा काय करणार? त्याने घाईघाईने नाव पुकारलं आणि कप ह्यांच्याच हातात ठेवला. हे दोन मेलेल्या डुकरांच्या मधे कप धरून उभे राहिले आणि थँक यू म्हणाले. फोटोवाल्याने फोटो काढला. मला इतका राग आला वन्सं, कुणाचा ते अजून कळलेलं नाही.

घरी आल्यावर कप खिडकीत ठेवला आणि विचारलं की जेवायला काय आहे.

तुम्हाला एक सांगते, हसू नका. मे महिन्यात मी एकदा मुद्दाम उकडलेल्या बटाट्यांत मीठ घातलं नाही. त्यांनी खाल्ले. दुसऱ्या दिवशी घातलं नाही, तरी खाल्ले. तेव्हापासून मी घालतच नाही. माझ्यापुरतं स्वयंपाकघरात उभ्याने घालून घेते. ज्या माणसाने लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझ्या आईसमोर रस्सा अळणी आहे म्हणून सांगितलं होतं, तो आता काही बोलत नाही. मी वाट बघते आहे.

रोज उठून गोठ्यात जातात ते त्या डुकरांसाठी. ती अशीच मरत राहिली तर पुढच्या वसंतात गोठा रिकामा होईल, आणि मग हा माणूस सकाळी कशासाठी उठेल, याची मला धास्ती वाटते. कर्टिसमागून मला यांनाही पोचवायचं नाही.

माझी ग्रेटा मजेत आहे. सासूबाईंच्या वेळच्या ठिपकेवाल्या जातीतली ही शेवटचीच. वसंतात कुठल्या रंगवलेल्या फाटकाला पाठ घासून आली कोण जाणे, पाठभर हिरवी झाली होती. रॉकेलने पुसलं तरी पुरतं गेलं नाही. आता तर इतकी सुटली आहे की बसली की उठवत नाही. घरात कुणाच्या तरी अंगी लागतं आहे, हेही नसे थोडके.

तुमच्या भावाला दोन शब्द लिहा, पण मी लिहिल्याचं कळू देऊ नका. मायेचा हात असू द्या.

तुमची भावजय,
आयलीन

एम्स
१ ऑगस्ट १९७६

चि. सौ. आयलीन हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी हसले नाही. दार लावून घेतलं आणि बसून राहिले.

मी त्याला पुन्हा आग्रह करणार नाही. लहानपणी त्याचा दात हलत होता तेव्हा बाबा, आई, मी, सगळे सांगून थकलो. शेवटी त्याने स्वतःच गोठ्याच्या दाराला दोरा बांधला. त्याला ढकललं की तो रुततो, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

तरी तुझ्या कानावर घालून ठेवते. नुसती आजारी पिल्लं काढून भागणार नाही. एकच वाटा असलेली वायूला फसवतात, सैल झोपतात, आणि पुढच्या पिढीत खोट परत वर येते. त्या कळपात बाहेरचं निर्मळ रक्त आणावं लागेल, जिथे चरबी घालवायच्या मागे कुणी लागलंच नव्हतं अशा जुन्या, लठ्ठ जातीचं. पण तशी आता उरली कुणाकडे? सगळ्यांनी हौसेने मोडीत काढली. तुझी ग्रेटा एक होती, पण तिचं वय झालं.

मीठ घालू नकोस. वाट बघ. मीही इथे बघते आहे.

तुझी नणंद, पण नावापुरतीच नव्हे,
व्हर्ना

नॉर्डन
१२ ऑगस्ट १९७६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोमवारी ग्रेटा व्याली. सात पिल्लं, सातही जिवंत.

ती गाभण आहे हे आम्हा दोघांपैकी एकालाही कळलं नव्हतं. तिच्या अंगावर एवढी चरबी आहे की त्यात सात काय, चौदा लपली असती. आयलीन सकाळी उष्टं घालायला गेली ती धावत परत आली. मला वाटलं म्हातारी मेली. जाऊन पाहिलं तर ती आडवी पडून पाजत होती. पिल्लं ठिपक्यांची, पण पुढचे दोन्ही पाय पांढरे आणि मांड्या रुंद. ते पाय फक्त डीकनचे आहेत. आपल्या सगळ्या रानात तसे पाय दुसऱ्या कुणाचे नाहीत.

ग्रेटाचा कप्पा घरामागे, डीकनचा अंगणापलीकडे. मधे दोन फाटकं, दोन्हींना कड्या. डीकन कड्या काढत नाही. मी काढल्या नाहीत. आयलीनने काढल्या नाहीत.

डुकराचं तुला माहीतच आहे, तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. मी गोठ्यातच बादली पालथी घालून बसलो आणि बोटांवर मागे मोजत गेलो. ईस्टरच्या आदल्या दिवसापाशी आलो. त्या शनिवारी मी आणि आयलीन चर्चमध्ये टेबलं लावायला गेलो होतो. घरी तो एकटाच होता. दुसऱ्या दिवशी त्याने तुला तिचं वय विचारलं, म्हणून तू लिहिलं होतंस.

मग मी ग्रेटाची पाठ पाहिली. आयलीनने रॉकेलने पुसलेल्या हिरव्यातलं थोडं खांद्यापाशी राहिलं आहे. तो रंग फाटकाचा नाही. कर्टिस खांद्यापासून पट्टा ओढायला घ्यायचा आणि सुरुवात करताना डावीकडे गळासारखं एक वळण काढायचा, ते वळण तिथे आहे.

ताई, तिथे पट्टी मांसाला टेकली.

चार वर्षं चरबी घालवायला खपलेल्या पोराने आपला सगळ्यात सडपातळ नर स्वतः नेऊन आपल्या सगळ्यात लठ्ठ मादीला दाखवला. हिवाळ्यात बाजाराला डुकरं तोच नेत होता. त्यातली काही ट्रकमधून मेलेली उतरली असतील, ती त्यानेच उतरवली. म्हणजे त्याला दिसलं होतं. का ते तुझ्याइतकं कळलं नसेल, पण कुठे वळायचं ते कळलं होतं. आणि मी इथे कळप त्याने ठेवला तसा ठेवतो म्हणून बसलो होतो. त्याला तो तसा ठेवायचाच नव्हता.

तुझं यंत्र घेऊन ये. पिल्लं कधी मोठी होतील ते तू सांग, तोवर मी डीकनला कुठलीच मादी दाखवत नाही.

आयलीन म्हणते की ग्रेटाला चरबीचा डबा म्हटल्याबद्दल त्याने परस्पर माफी मागून टाकली. तिला त्यावर हसू आलं. मला अजून काही येत नाही, पण ती हसत होती ते मी ऐकलं.

लोभ आहेच, तो हातचा सोडू नकोस.

वेंडल

नॉर्डन
२४ ऑक्टोबर १९७६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. यंत्राची नळी इथेच राहिली आहे, एल्डन एम्सला जाणार आहे त्याच्याबरोबर पाठवतो.

त्या दिवशी तू मुखवटा धरलास आणि मी पाय धरले, म्हणून जे झालं ते तू पाहिलंसच. डीकनच्या लेकींची पिल्लं माझ्या हातात एकामागून एक ताठ होत गेली. प्रत्येक वेळी मला वाटे की मीच जास्त दाबून धरतो आहे. मग ग्रेटाचं पहिलं आलं. मी तसंच घट्ट धरून बसलो होतो आणि ते सैल पडलं. मान माझ्या मनगटावर टाकली. तू म्हणालीस की झालं, आता सोड, आणि मी सोडेना. तुला वाटलं मला ऐकू आलं नाही. आलं होतं.

तू सांगितलंस ते लक्षात आहे. या सातांत बापाचा वाटा असणार, म्हणून त्यांना आपसात दाखवायचं नाही, बाहेरचे नर आणायचे आणि प्रत्येक वेताला वायू द्यायचा. वेळ लागेल. लागू दे. त्यांच्या पाठीवर आत्ताच इतकी चरबी आहे की जत्रेची समिती आम्हाला दारातूनच परत पाठवील. कप मी त्यांना देऊन टाकला आणि सांगितलं की अट बदला. जे डुक्कर जत्रेतून स्वतःच्या पायांनी घरी जाईल त्याला द्या. त्यांना ती चेष्टा वाटली.

तू गेल्यावर मी डीकनच्या कप्प्यात गेलो. कर्टिसची खडूंची पेटी खिळ्याला होती तशीच होती. लाल खडू जवळजवळ नवा होता. हिरवा झिजून तिरका झाला होता, आणि त्याला त्याच्या अंगठ्याचा खळगा पडला होता. मी माझा अंगठा त्यात ठेवून पाहिला. मग डीकनला टेकून बराच वेळ उभा राहिलो. माझा आवाज ऐकून आयलीन घरातून आली आणि दारातच थांबली. तुझ्या ज्या प्रश्नाला मी मे महिन्यात नाही म्हणून लिहिलं, त्याचं उत्तर आता बदललं आहे, एवढंच लिहितो.

मग डीकनच्या पाठीवर लाल पट्टा ओढला, आणि त्याच्या लेकींच्याही. खांद्यापासून सुरुवात केली. एल्डन गारव्याच्या सकाळी ट्रक घेऊन आला आणि वरातीला निघाल्यासारखा हळू हाकत गेला. तरी वाटेत एक मेलंच. मी हिरवा खडू ठेवून घेतला आहे. तो वापरणार आहे.

आता एक विचारायचं आहे. बायकांचं तुला जास्त कळतं. काल दुपारी जेवायला बसलो होतो. पहिला घास घेतला आणि मी आयलीनला म्हटलं की बटाट्यात मीठ नाही. रागाने म्हटलं नाही, साधंच म्हटलं. तर तिने हातातला काटा खाली ठेवला आणि तोंडावर ॲप्रन धरून रडायला लागली. मी म्हटलं, राहू दे, चालेल. तर आणखीच रडली. मग उठून मिठाची बरणीच आणून माझ्यासमोर ठेवली आणि माझं खाऊन होईपर्यंत बघत बसली.

माझं काय चुकलं ते तुला कळलं तर कळव. बाकी सगळं ठीक. मका निघाला. तुझी माया आहे तशीच आमच्याकडे येत राहो.

तुझा धाकटा,
वेंडल